दणका कुठे असतो?

रेडिओचे आवाजाचे बटण पुरते फिरवले, की ढोलाचा आवाज मोठा होतो. पण त्याचा दणका वाढतोच असे नाही. उलट काही ध्वनिमुद्रिकांतला ढोल अगदी बेताच्या आवाजात लावला, तरी छातीवर थाप पडल्यासारखा जाणवतो. स्पीकर तोच, खोली तीच, ऐकणाराही तोच. मग फरक कशात आहे? आवाजाच्या मोठेपणात तो नाही, हे बटणानेच दाखवून दिले. या प्रश्नाचा पिच्छा ज्यांनी चिकाटीने पुरवला त्यांत विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांबरोबरच न्यूयॉर्क शहराच्या ब्राँक्स, क्वीन्स अशा भागांतले तरुणही होते. ते हिप-हॉप नावाचे संगीत घडवीत होते, आणि त्यांच्यापैकी अनेकांजवळ ढोलही नव्हता.

या संगीताची सुरुवात ११ ऑगस्ट १९७३ रोजी ब्राँक्समधील सेजविक ॲव्हेन्यूवरच्या १५२० क्रमांकाच्या इमारतीत झालेल्या एका नाचाच्या कार्यक्रमापासून मानतात. तेथे रेकॉर्डी लावण्याचे काम क्लाइव्ह कँपबेल हा मूळचा जमेकाचा तरुण करीत होता. लोक त्याला डीजे कूल हर्क म्हणत. गाणारे आणि बाकीची वाद्ये थांबून फक्त ताल उरला, की नाचणाऱ्यांना चेव येतो, हे त्याने हेरले होते. हा तुकडा काही सेकंदांतच संपे. म्हणून त्याने एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन तबकड्यांवर ठेवल्या. एकीवरचा तुकडा संपला की दुसरीवरचा सुरू! अशा रीतीने तालाचा तुकडा हवा तितका लांबवता येऊ लागला, आणि पुढे त्यावर यमकबद्ध बोल म्हटले जाऊ लागले. ताल हाच गाण्याचा कणा झाल्यावर तो पुळचट वाजून कसे चालेल? तो मोठ्या सभागृहात घुमला पाहिजे आणि मोटारीतल्या लहानशा रेडिओवरही ओळखू आला पाहिजे.

आता थोडे गणित करू. संगीतातला मोठा ढोल, म्हणजे पायाच्या पट्टीने वाजवायचा बेस ड्रम, साधारण ५० ते १०० हर्ट्‌झ वारंवारतेचा घुमारा देतो. ५० हर्ट्‌झचे एक आंदोलन पुरे व्हायला २० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पन्नासावा भाग लागतो. थाप पडल्यावर पहिल्या ५ मिलिसेकंदांत या आंदोलनाचा फक्त पाव हिस्सा झालेला असतो. तेवढ्यावरून कानाने काय ओळखावे? नुसता ५० हर्ट्‌झचा स्वर हळूच सुरू केला, तर तो नेमका केव्हा सुरू झाला हे सांगताच येत नाही. खऱ्या ढोलावर ही अडचण येत नाही, कारण टिपरू कातड्यावर आदळताच प्रथम एक तीक्ष्ण 'टक्' उमटतो. त्यात हजार-दोन हजार हर्ट्‌झच्या वारंवारताही असतात. शिवाय फटक्याने कातडे क्षणभर जास्त ताणले जाते, त्यामुळे स्वर किंचित वरून सुरू होऊन खाली उतरतो. कान 'केव्हा' हे त्या टक् वरून ओळखतो आणि 'काय' हे मागून येणाऱ्या घुमाऱ्यावरून. दणक्याचे बरेचसे रहस्य या पहिल्या २०-३० मिलिसेकंदांत आहे. पापणी लवायलासुद्धा याच्या कितीतरी पट वेळ लागतो.

जपानच्या रोलँड कंपनीने १९८० मध्ये टीआर-८०८ नावाचे तालयंत्र विक्रीस काढले. त्यात कुठल्याही खऱ्या ढोलाचा आवाज साठवलेला नव्हता. सारे आवाज विजेच्या मंडलांतून जागच्या जागी तयार होत. अशा यंत्राला ॲनलॉग म्हणतात, कारण त्यातला विद्युतदाब ध्वनिलहरीसारखाच अखंडपणे कमी-जास्त होतो. आवाजाचे आकड्यांत रूपांतर केलेले नसते.

या यंत्रातला बेस ड्रम समजून घेण्यासारखा आहे. काही रोधक, दोन कंडेन्सर आणि एक ॲम्प्लिफायर अशा रीतीने जोडलेले असतात, की ते मंडल आंदोलने सुरू होण्याच्या अगदी उंबरठ्यावर राहते. ते आपणहून डोलत नाही, पण विजेचा एक आखूड ठोका दिला की डोलू लागते आणि हळूहळू शांत होते. झोपाळ्याला एकच झोका देऊन बाजूला व्हावे, तसे. या डोलण्याची वारंवारता सुमारे ५० हर्ट्‌झ असते. परंतु मंडल आखणाऱ्यांनी एक युक्ती केली. ठोका पडल्यापासून पहिले काही मिलिसेकंद एक ट्रान्झिस्टर मंडलातला रोध कमी करून टाकतो. रोध कमी म्हणजे आंदोलने जलद, म्हणून तेवढा वेळ वारंवारता दुपटीहूनही वर जाते आणि मग झटकन खाली येते. शिवाय सुरुवातीचा तो ठोकाही थोडासा 'टक्' म्हणून ऐकू येतो. खऱ्या ढोलाच्या फटक्यात जे घडते, त्याचे हे विजेतले सोंगच!

पण सोंग हुबेहूब नव्हते, ही तक्रार तेव्हा पुष्कळांची होती. त्याच वर्षी अमेरिकेत निघालेले लिन एलएम-१ हे यंत्र खऱ्या ढोलांचे मुद्रित आवाज वाजवी. त्याची किंमत सुमारे ५,००० डॉलर, तर ८०८ ची सुमारे १,२०० डॉलर. ८०८ फारसे खपले नाही. जेमतेम १२,००० यंत्रे तयार झाली आणि १९८३ मध्ये उत्पादन थांबले. थांबण्यामागचे एक कारण मोठे गमतीचे आहे. या यंत्राच्या आवाजातली विशिष्ट खरखर काढण्यासाठी रोलँडचे संस्थापक इकुतारो काकेहाशी यांनी मुद्दाम सदोष ट्रान्झिस्टर विकत घेतले होते. पुढे ट्रान्झिस्टर बनवण्याची कला इतकी सुधारली, की पुरेसे बिघडलेले ट्रान्झिस्टर मिळेनात! दरम्यान जुनी यंत्रे दुकानांतून स्वस्तात मिळू लागली, आणि ज्यांना नवी महाग यंत्रे परवडत नव्हती त्या तरुणांच्या हाती ती पडली. १९८२ च्या 'प्लॅनेट रॉक' या ध्वनिमुद्रिकेत ८०८ चा ताल ऐकून तर अनेकांना हे यंत्र म्हणजे खऱ्या ढोलाची नक्कल नव्हे, एक स्वतंत्र वाद्यच आहे, असे वाटू लागले.

दुसरी वाट जुन्या रेकॉर्डींवरून गेली. एखाद्या रेकॉर्डवरचा एकच ठोका उचलून यंत्रात साठवायचा आणि हवा तेव्हा वाजवायचा, याला सँपलिंग म्हणतात. १९८७ मध्ये निघालेले ई-म्यू कंपनीचे एसपी-१२०० हे यासाठी फार नावाजले. ते ठोका आकड्यांतच साठवी, पण तो बाहेर पडताना बहुतेक वाटांवर ॲनलॉग गाळण्यांतून जाई. त्याची स्मृती सगळी मिळून १० सेकंदांची! म्हणून लोक ३३ फेऱ्यांची रेकॉर्ड ४५ फेऱ्यांच्या वेगाने लावून मुद्रण करीत. वेग सुमारे १.३५ पट झाल्याने १० सेकंदांत साडेतेरा सेकंदांचा ऐवज मावे. पुढे यंत्रात तो पुन्हा संथ केला, की आवाज जाडाभरडा आणि रांगडा होई. काटकसरीतून आलेला हा रांगडेपणा मग लोकांना हवाहवासा वाटू लागला. ज्यांचे ठोके उचलले गेले त्यांचे मात्र नशीब एवढे चांगले नव्हते. जेम्स ब्राऊनच्या 'फंकी ड्रमर' या १९७० च्या गाण्यात ताल वाजवणारा क्लाइड स्टबलफील्ड याचा तुकडा असंख्य गाण्यांत वापरला गेला, पण त्याच्या पदरी त्यातले फारच थोडे पडले.

ठोका मिळाला, आता तो घडवायचा. येथे कॉम्प्रेसर नावाचे उपकरण येते. आवाज ठरावीक मर्यादेपेक्षा मोठा झाला की ते तो दाबते. एखादा माणूस आवाजाच्या बटणावर हात ठेवून बसला आहे आणि गडबड वाढली की बटण थोडे मागे फिरवतो आहे, अशी कल्पना करा. १९६० च्या दशकातल्या काही कॉम्प्रेसरांत हा 'माणूस' म्हणजे चक्क एक प्रकाश देणारी पट्टी असे. आवाज वाढला की पट्टी उजळे, तिच्यासमोरच्या प्रकाशसंवेदी रोधकाचा रोध कमी होई आणि त्यामुळे आवाज उतरे. पुढची उपकरणे, उदाहरणार्थ हिप-हॉपच्या ढोलांसाठी पुष्कळ वापरलेला डीबीएक्स १६०, हेच काम विद्युतदाबाने नियंत्रित होणाऱ्या मंडलाने करीत.

मग दाबणाऱ्या उपकरणाने दणका वाढतो कसा? येथे विद्यार्थीच काय, चांगले जाणकारही गोंधळतात. सगळी गोम आहे ती त्या 'माणसाला' जागे व्हायला किती वेळ लागतो, यात. समजा, ठोक्याच्या पहिल्या २० मिलिसेकंदांची उंची ८ आहे आणि मागच्या घुमाऱ्याची ४. कॉम्प्रेसर क्षणार्धात जागा झाला, तर तो पहिल्या भागालाच धरून दाबील. ८ चे ४-५ होतील आणि ठोका बोथट होईल. पण त्याला २०-३० मिलिसेकंद उशिरा जागे होऊ दिले, तर पहिला भाग न दबता निसटतो आणि दाब पडतो तो घुमाऱ्यावर. ८ तसेच राहतात, ४ चे २ होतात. पूर्वी पहिला भाग दुप्पट होता, आता चौपट झाला. एकूण आवाज वाढला नाही, पण ठोका उठून दिसू लागला! मात्र दाब वेळेवर सुटायलाही हवा. मिनिटाला ९० मात्रांचा ताल असेल, तर दोन मात्रांत ६०/९०, म्हणजे ०.६७ सेकंदाचे अंतर असते. तेवढ्या वेळात उपकरण पूर्ववत झाले नाही, तर पुढचा ठोका आधीच दबलेला येतो.

शेवटी सारे ध्वनिफितीवर उतरवत. फितीवर लोह ऑक्साइडचे सूक्ष्म कण असतात आणि आवाजाच्या प्रमाणात ते चुंबकित होतात. पण हे चुंबकन अमर्याद वाढत नाही. एका मर्यादेनंतर कण संपृक्त होतात. विद्युतप्रवाह वाढवला तरी चुंबकत्व वाढत नाही. म्हणून जोरात मुद्रण केले की ठोक्यातली सर्वांत उंच, एक-दोन मिलिसेकंदांची शिखरे हळुवारपणे गोलावतात. आताच तर आपण पहिला भाग जपायला सांगितला, मग ही शिखरे छाटणे उलटे नव्हे काय? नव्हे. इतकी अरुंद शिखरे कानाला 'मोठी' वाटत नाहीत. आवाजाच्या मोठेपणाचा अंदाज घ्यायला कान शंभरएक मिलिसेकंदांचा हिशेब करतो. ही शिखरे फक्त जागा अडवतात. ती गोलावली की उरलेला सगळा ठोका अधिक मोठा नोंदता येतो.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. लहरीची दोन्ही टोके सारखीच चपटी झाली, की तिच्यात मूळ वारंवारतेच्या तिप्पट, पाचपट अशा नव्या वारंवारता मिसळतात. ५० हर्ट्‌झच्या जोडीला १५० आणि २५० हर्ट्‌झ येतात. ५० हर्ट्‌झच्या ध्वनीची हवेतली तरंगलांबी जवळजवळ सात मीटर, आणि तळहाताएवढ्या स्पीकरला तेवढी हवा हलवणे जमत नाही. १५० आणि २५० मात्र तो बऱ्यापैकी वाजवतो, आणि आपला मेंदू त्यांवरून खालचा गायब झालेला स्वर बऱ्याच अंशी जुळवून घेतो. मोटारीतल्या रेडिओवरही ढोल ओळखू आला तो यामुळे. फितीचा वेगही कामी येई. सेकंदाला १५ इंच, म्हणजे ३८ सेंटिमीटर वेगाने धावणाऱ्या फितीवर ५० हर्ट्‌झची तरंगलांबी ३८ भागिले ५०, म्हणजे सुमारे पाऊण सेंटिमीटर होते. ती फीत वाचणाऱ्या चुंबकीय शीर्षाच्या आकाराच्या जवळपास येते, आणि नेमक्या त्याच आसपास वाचनात थोडासा फुगवटा येतो. ढोलाला आयते बळ मिळते!

या जुन्या यंत्रांना आज फार मोठ्या किमती येतात. माझ्या मते त्यांत हौसेचा भाग पुष्कळ आहे. वर सांगितलेली बहुतेक कामे आज साध्या संगणकावर होतात, आणि घरच्या घरी पडताळूनही पाहता येतात. एखादे रिकामे खोके मुठीने ठोकून तो आवाज फोनवर किंवा संगणकावर मुद्रित करा. ध्वनिसंपादनाच्या कार्यक्रमात लहर मोठी करून पाहा आणि पहिले ३० मिलिसेकंद कापून टाका. उरलेला आवाज ऐकवून 'कशावर काय आपटले?' असे वर्गात विचारा. बरोबर उत्तर देणारे किती निघतात ते मोजा. हेडफोन वापरत असाल, तर आवाज बेताचाच ठेवा.

मग दुसरा प्रयोग. हिप-हॉपमध्ये रेकॉर्डवरचा ठोका आणि ८०८ चा ठोका एकावर एक ठेवण्याची पद्धत आहे. दोन आवाज मिळून एकापेक्षा मोठाच आवाज व्हावा, अशी आपली अपेक्षा असते. ५० हर्ट्‌झचे दोन सारखे स्वर घ्या आणि दुसरा १० मिलिसेकंद उशिरा सुरू करा. १० मिलिसेकंद म्हणजे बरोबर अर्धे आंदोलन. एकाचा उंचवटा दुसऱ्याच्या खळग्यात बसतो आणि दोघे एकमेकांना खोडून टाकतात. तेच अंतर १०० हर्ट्‌झसाठी एक पूर्ण आंदोलन होते, म्हणून तेथे आवाज वाढतो. आता अंतर ५ मिलिसेकंदांचे केले, तर कोणती वारंवारता खोडली जाईल, आणि ५० हर्ट्‌झचे काय होईल? आधी कागदावर लहरी काढून उत्तर शोधा, मग ऐकून पाहा.