इंग्रजी चांगलं आहे, म्हणून?

अमेरिकेत पदवीसाठी गेलेल्या आपल्याकडच्या मुलांना पहिल्या सेमिस्टरला कॅल्क्युलस फारसं रडवत नाही. रडवतो तो रायटिंगचा कोर्स. इंजिनिअरिंग असो की अर्थशास्त्र, बहुतेक विद्यापीठांत तो सक्तीचा असतो. हार्वर्डने १८८५ साली तो पहिल्या वर्षाला लावला आणि पुढे ती प्रथाच पडली.

माझ्या विद्यापीठात तो एका सेमिस्टरमध्ये उरकता येई, नाहीतर दोन सेमिस्टर घेऊन सावकाश करता येई. प्रवेश परीक्षा नव्हती. ऑनलाइन प्रश्नावली भरून आपलं आपणच ठरवायचं. (मिशिगनच्या ग्रँड व्हॅली स्टेट विद्यापीठाने १९९६ मध्ये ही पद्धत आणली, आता ती बऱ्याच ठिकाणी दिसते.) सीनियर्सच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकमत होतं: ‘तुझं इंग्लिश चांगलंय, टोफेलचा स्कोअर बघ, एक सेमिस्टर कशाला वाया घालवतेस?’ मी छोटा कोर्स घेतला.

पहिल्याच पेपरला ‘सी’ आला. व्याकरणाला कुठे बोट ठेवलेलं नव्हतं. समासात सरांनी एवढंच विचारलं होतं, ‘यात तुझं म्हणणं काय?’ शाळेतला आपला निबंध आठवा. सुरुवातीला कुणा थोरांचं वचन, मग फायदे, मग तोटे, शेवटी नाण्याच्या दोन बाजू. तिथे दोन बाजू सांगून सुटका नाही. सुरुवातीलाच स्वतःची बाजू घ्यायची, वाचलेल्या लेखांच्या आधारे ती लढवायची, विरोधकाचा सगळ्यात भक्कम मुद्दा आपणच मांडून त्याला उत्तर द्यायचं. आणि मग शेरे आले की सगळं पुन्हा लिहायचं. या पुन्हा लिहिण्याची सवय आपल्याला नसतेच. बोर्डाच्या परीक्षेत पुरवणी बांधली की निबंधाचा आणि आपला संबंध संपतो.

तेव्हा प्रश्नावली भरताना आपलं इंग्रजी कसं आहे हा विचार बाजूला ठेवा. संदर्भ देऊन लिहिलेला सात-आठ पानांचा लेख आजवर लिहिलाय का? कुणाच्या शेऱ्यांवरून एखादं लिखाण मुळापासून बदललंय का? दोन्हींना ‘नाही’ असेल तर सरळ दोन सेमिस्टरचा कोर्स घ्या. आयबी केलेल्यांची गोष्ट वेगळी. चार हजार शब्दांपर्यंतचा एक्स्टेंडेड एसे लिहिताना त्यांचं हे सगळं झालेलं असतं.

‘मल्टिलिंग्वल’ असं लिहिलेला वर्ग दिसला की आपली मुलं दुखावतात. इंग्रजी माध्यमात शिकून इथे कशाला, असं वाटतं. पुष्कळ ठिकाणी त्या वर्गाचा अभ्यासक्रम आणि क्रेडिट बाकीच्यांसारखेच असतात, शिवाय संदर्भ कसे द्यायचे, उतारा स्वतःच्या शब्दांत कसा मांडायचा हे तिथे कुणी गृहीत धरत नाही. मात्र काही ईएसएल कोर्सचे क्रेडिट पदवीत धरले जात नाहीत, तेवढं ॲडव्हायजरला ईमेलवर विचारून लेखी उत्तर घ्या.

मध्येच कोर्स सोडायला मी निघाले तेव्हा आणखी एक गाठ समोर आली. एफ-वन व्हिसावर पदवीच्या विद्यार्थ्याला दर सेमिस्टरला निदान १२ क्रेडिट लागतात. त्याखाली जायचं तर आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांच्या कार्यालयाची परवानगी आधी हवी, आणि ती मोजक्याच कारणांसाठी मिळते. माझे बरोबर १२ होते, त्यामुळे कोर्स सुटला नाही. उरलेलं सेमिस्टर मी रायटिंग सेंटरमध्ये काढलं. तिथली मदत फुकट असते आणि आपली मुलं तिकडे फिरकत नाहीत.

तुम्ही १५ क्रेडिट घेऊन सुरुवात करा. ॲड-ड्रॉपची मुदत बहुधा पहिल्या एक-दोन आठवड्यांत संपते, त्याआधी रायटिंगचा सिलॅबस नीट वाचा. पेपर किती, प्रत्येकाचे ड्राफ्ट किती, शिक्षक एकेकट्याला भेटतात का? पुनर्लेखनाला गुणच नसतील, तर मुदत आहे तोवर दुसऱ्या शिक्षकाच्या वर्गात जागा आहे का ते बघा.