पाठाला तुमचा आवाज द्या : एका क्यूआर कोडची कृती

या, खुर्ची पुढे ओढा. शाळेचा संगणक सुरू करा आणि फोन हाताशी ठेवा. आज आपण एका पाठासाठी तुमच्या आवाजातलं तीन मिनिटांचं रेकॉर्डिंग करणार आहोत आणि ते एका क्यूआर कोडमागे ठेवणार आहोत. मूल घरी कोड स्कॅन करेल आणि तुमचं समजावणं पुन्हा ऐकेल. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांना असेच कोड जोडले. २०२० साली त्यांना ग्लोबल टीचर प्राइज मिळालं. त्यांनी केलं ते नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या कुठल्याही शाळेत करता येतं, मग शाळा महापालिकेची असो वा संस्थेची. तुम्हाला नक्की जमेल. फक्त क्रम सोडू नका.

लागणारं साहित्य

एक स्मार्टफोन, इंटरनेट असलेला संगणक, त्यावर क्रोम ब्राउझर, प्रिंटर किंवा जवळचं झेरॉक्सचं दुकान, कात्री, खळ आणि वर्गात ऐकवायला एक छोटा स्पीकर.

तयारी

१. शाळेच्या नावाने नवं गूगल खातं उघडा.
सांभाळा: स्वतःचं खातं वापरू नका. उद्या तुमची बदली झाली आणि तुम्ही फाइल काढून टाकली, तर मुलांच्या वहीतले सगळे कोड निकामी होतील.

२. खात्याचा पासवर्ड कागदावर लिहून मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवायला द्या.
सांभाळा: तो कागद शिक्षक कक्षाच्या फळ्यावर लावू नका.

३. एकच पाठ निवडा. आपण उदाहरणाला ‘आपल्या नळाचं पाणी कुठून येतं?’ हा विषय घेऊ. गंगापूर रोडवरच्या मुलांना गंगापूर धरण जवळचं आहे, त्यामुळे सुरुवातीला हाच विषय सोपा पडेल.
सांभाळा: अख्खं पुस्तक करायचा बेत आज आखू नका. एक पाठ पूर्ण झाला की पुढचे आपोआप हातात येतात.

४. त्या पाठात मुलं नेमकी कुठे अडतात, ते एका ओळीत लिहा. उदाहरणार्थ: ‘धरणातलं पाणी थेट नळात येतं असं मुलांना वाटतं.’

५. ती अडचण सोडवणारी आठ-दहा छोटी वाक्यं लिहा. त्र्यंबकेश्वरजवळच्या ब्रह्मगिरीवर गोदावरी उगम पावते. गंगापूर धरणात तिचं पाणी अडतं. ते जलशुद्धीकरण केंद्रात स्वच्छ होतं, उंच टाकीत चढतं आणि मग घराघरांत पोहोचतं. असा क्रम लावा.
सांभाळा: पुस्तकातला उतारा जसाच्या तसा वाचू नका. तो मुलांकडे आहेच.

६. सगळ्यात वर एक प्रश्न लिहा: ‘आज सकाळी तुमच्या नळाला पाणी किती वाजता आलं?’ मूल लगेच कान देतं.

रेकॉर्डिंग

७. रस्त्यापासून लांबची, मागच्या बाजूची खोली निवडा.
सांभाळा: शाळा भरताना आणि सुटताना गंगापूर रोडवर हॉर्न थांबत नाहीत. शाळा भरण्याच्या तासभर आधी या.

८. खोलीतला पंखा बंद करा.

९. फोन एअरप्लेन मोडवर टाका.
सांभाळा: हे विसरलात, तर मधेच कुणाचा तरी फोन येईल आणि पुन्हा पहिल्यापासून बोलावं लागेल.

१०. फोनमधलं रेकॉर्डर ॲप उघडून सेटिंगमध्ये एमपी३ किंवा एम४ए हा प्रकार निवडा.
सांभाळा: वेव्ह प्रकारची फाइल फार मोठी होते आणि पालकांचा डेटा खाते. एमपी३मध्ये तीन मिनिटं दोन-तीन एमबीत बसतात.

११. फोन तोंडापासून वीतभर अंतरावर धरा.

१२. रेकॉर्डचं बटण दाबून वर्गात बोलता तसंच बोला. मुलांना ‘बाळांनो’ म्हणत असाल तर इथेही म्हणा.
सांभाळा: शब्द अडखळला तर थांबू नका. ते वाक्य पुन्हा म्हणा आणि पुढे चला.

१३. रेकॉर्डिंग सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदा ऐका.

१४. फाइलला ‘इयत्ता४_परिसर_पाणी_१’ असं नाव द्या.
सांभाळा: ‘न्यू रेकॉर्डिंग ७’ अशी नावं राहिली, तर महिन्याभराने कुठली फाइल कुठल्या पाठाची ते कळणार नाही.

लिंक

१५. एअरप्लेन मोड काढा.

१६. फाइल शाळेच्या खात्यातल्या गूगल ड्राइव्हवर चढवा.

१७. आता संगणकावर क्रोममध्ये तेच खातं आणि तेच ड्राइव्ह उघडा.

१८. फाइलवर उजवी क्लिक करून ‘शेअर’ निवडा.

१९. ‘जनरल ॲक्सेस’खाली ‘रिस्ट्रिक्टेड’ बदलून ‘एनीवन विथ द लिंक’ करा.
सांभाळा: सगळ्यात जास्त गाडी इथेच अडते. ही पायरी चुकली, तर घरी पालकांना आवाजाऐवजी परवानगी मागायचा निरोप दिसेल.

२०. शेजारी ‘व्ह्यूअर’ आहे ना, ते पाहा.
सांभाळा: ‘एडिटर’ असेल, तर लिंक मिळालेल्या कुणालाही तुमच्या फाइलमध्ये बदल करता येईल.

२१. ‘कॉपी लिंक’ दाबा.

२२. क्रोमची इनकॉग्निटो खिडकी उघडून तिथे लिंक चिकटवा. लॉगिन न मागता आवाज सुरू झाला? शाब्बास! लॉगिन मागितलं, तर पायरी १९ वर परत जा.

कोड

२३. तीच लिंक क्रोमच्या साध्या खिडकीत उघडा.

२४. वर उजवीकडच्या तीन टिंबांवर क्लिक करा, ‘कास्ट, सेव्ह अँड शेअर’मध्ये जा आणि ‘क्रिएट क्यूआर कोड’ निवडा.
सांभाळा: मधोमध छोटा डायनासोर दिसला तर घाबरू नका, कोड बरोबर आहे. फुकट कोड देणाऱ्या अनोळखी संकेतस्थळांकडे मात्र जाऊ नका. तिथले काही कोड मुदत संपली की बंद पडतात.

२५. कोडचं चित्र डाउनलोड करा.

२६. गूगल डॉक्सच्या पानावर हे चित्र तीन सेंटिमीटर रुंदीचं करून हवं तितक्या वेळा ठेवा. तीन सेंटिमीटरचा कोड साधारण तीस सेंटिमीटर अंतरावरून वाचता येतो.
सांभाळा: चारी बाजूंनी पांढरी जागा सोडा. काठाला चिकटून फुलं किंवा चौकट काढली, तर फोन गोंधळतो.

२७. प्रत्येक कोडखाली ‘पाणी १’ असं नाव टाइप करा.

२८. एकच पान साध्या पांढऱ्या कागदावर काळ्या शाईत छापा.
सांभाळा: चकचकीत कागद आणि लॅमिनेशन टाळा. दिव्याचा उजेड परावर्तित होतो आणि कोड वाचला जात नाही.

२९. शाळेतल्या सगळ्यात जुन्या स्मार्टफोनने कोड तपासा. तिथे चालला, तर घरोघरी चालेल.

३०. आता बाकीच्या प्रती काढा.

वर्गात

३१. पहिल्यांदा सगळ्या वर्गाला स्पीकरवर रेकॉर्डिंग ऐकवा.
सांभाळा: ही पायरी गाळू नका. काही घरांत फोनच नसतो. त्या मुलांचं ऐकणं शाळेतच व्हायला हवं.

३२. मुलांकडून कोड वहीत त्या पाठाच्या पानावर चिकटवून घ्या.
सांभाळा: खळ कागदाच्या मागच्या बाजूलाच लावायला सांगा. चिकटपट्टी कोडवरून जाऊ देऊ नका.

३३. पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर एक निरोप पाठवा: ‘फोनचा कॅमेरा किंवा गूगल लेन्स कोडसमोर धरा आणि येणारी लिंक दाबा.’

३४. गृहपाठ द्या: ‘ऐकून झाल्यावर मनात आलेला एक प्रश्न वहीत लिहा.’
सांभाळा: मुदत किमान दोन दिवसांची ठेवा. अनेक घरांत फोन रात्री आई-बाबा कामावरून आल्यावरच मिळतो.

३५. मधल्या सुट्टीत शाळेचा फोन बाकावर ठेवा, म्हणजे घरी ऐकायला न मिळालेली मुलं इथे ऐकतील.

३६. तिसऱ्या दिवशी सगळे प्रश्न फळ्यावर लिहून काढा. ‘उन्हाळ्यात पाणी कमी का येतं?’ असा प्रश्न आला, तर तुमचं रेकॉर्डिंग कामी आलं म्हणून समजा.

३७. सगळ्यात जास्त मुलांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर घालून रेकॉर्डिंग नव्याने करा.

३८. संगणकावर ड्राइव्हमधल्या जुन्या फाइलवर उजवी क्लिक करा, ‘फाइल इन्फर्मेशन’मधून ‘मॅनेज व्हर्जन्स’ उघडा आणि नवी फाइल चढवा. लिंक तीच राहते, वहीतला कोडही तोच चालतो.
सांभाळा: जुनी फाइल पुसून नवी वेगळी चढवली, तर छापलेले सगळे कोड वाया जातील.

शाळेत

३९. पुढच्या शिक्षक बैठकीत मुख्याध्यापकांकडून दहा मिनिटं मागून घ्या.

४०. बैठकीत मुलांचे प्रश्न वाचून दाखवा.
सांभाळा: ॲपच्या गुणांवर बोलू नका. शिक्षकाला मुलाचा प्रश्न पटतो, बटणांची यादी पटत नाही.

४१. प्रत्येकाच्या हातात एक कोड देऊन तो त्यांच्याच फोनवर ऐकायला सांगा.

४२. ‘तुमच्या कुठल्या पाठात मुलं अडतात?’ असं विचारून उत्तर देणाऱ्या पहिल्या बाई किंवा सरांचं नाव टिपा.

४३. त्यांच्याबरोबर पायरी ३ पासून पुन्हा बसा.
सांभाळा: माउस त्यांच्या हातात द्या आणि आपले हात मांडीवर ठेवा. तुम्ही करून दिलंत, तर पुढच्या पाठाला ते पुन्हा तुमचीच वाट पाहतील.

४४. ड्राइव्हमध्ये इयत्तावार फोल्डर करून दोघांच्या फाइली त्यात ठेवा.

४५. कुठल्या मुलाचा आवाज किंवा फोटो वापरायचा असेल, तर पालकांची लेखी परवानगी आधी घ्या.
सांभाळा: परवानगी हातात येईपर्यंत फक्त शिक्षकांचाच आवाज वापरा.

४६. पालक सभेत दारापाशी टेबल मांडून आलेल्या प्रत्येक पालकाकडून एक कोड स्कॅन करून घ्या. ज्यांना जमत नाही, त्यांच्या शेजारी चौथी-पाचवीतलं मूल उभं करा. ते झटक्यात शिकवतं.

४७. सभा संपायच्या आत पुढच्या महिन्याचा पाठ आणि तो करणाऱ्या शिक्षकाचं नाव सूचना फलकावर लिहा. त्या ओळीत तुमच्याऐवजी दुसऱ्या कुणाचं नाव असेल, तर तुमच्या शाळेत बदल सुरू झाला आहे. आता त्या नव्या शिक्षकाला हा कागद द्या आणि पायरी १ पासून वाचायला सांगा.