नदीचे दप्तर

बारावीचा निकाल लागला की परभणी जिल्ह्यातल्या घराघरांत रात्रीच्या जेवणावर एकच विषय निघतो, आणि वैद्यकी व अभियांत्रिकी या दोन नावांपलीकडे मुलाने तिसरे नाव उच्चारले तर आईच्या चेहऱ्यावर जी काळजी उमटते ती अनाठायी म्हणता येत नाही. कारण पावसाच्या लहरीवर संसार रेटलेल्या माणसाला दरमहाच्या पगाराचे मोल पुरते ठाऊक असते. त्या काळजीचा पूर्ण मान राखूनच मी आज एका तिसऱ्या व्यवसायाची कैफियत मांडतो आहे: नदीच्या पाण्याची प्रत तपासणे आणि राखणे.

या विद्येची प्रयोगशाळा आपल्या दारातच आहे. पाथरी, सोनपेठ, गंगाखेड असे तालुके ओलांडीत गोदावरी पुढे जाते; येलदरीच्या धरणातून सुटलेली पूर्णा दुधनेला पोटात घेऊन तिला येऊन मिळते. ढालेगाव आणि मुदगल येथील बंधाऱ्यांनी अडलेल्या पाण्यावर उसाचे मळे पोसले जातात हे खरे. परंतु वाहते पाणी ज्या सहजतेने स्वतःस निर्मळ करून घेते, ती शक्ती थांबलेल्या पाण्यात मंदावते, आणि मग नाल्यांतून आलेले सांडपाणी व काळ्या रानातून वाहून आलेली खते यांवर शेवाळ आणि जलपर्णी माजतात. संत जनाबाईंच्या गंगाखेडी घाटावर उतरलेली म्हातारी ओंजळभर पाणी श्रद्धेने ओठांना लावते. त्या ओंजळीतले पाणी कसे आहे, हे कोणीतरी आधी पाहिलेले असले पाहिजे.

ते पाहतात कसे? ३०० मिलिलिटरची काचेची बाटली पाण्याखाली हळूच भरायची, आत हवेचा एकही बुडबुडा राहू द्यायचा नाही, आणि काठावरच तीत मँगनस सल्फेट व अल्कलीयुक्त आयोडाइडचे द्रावण सोडायचे; पाण्यात प्राणवायू असेल तर तपकिरी साका धरतो, नसेल तर तो पांढरा राहतो. पुढे आम्ल घालताच साका विरघळून पाणी सोनेरी होते. मग ब्युरेटमधून थायोसल्फेटचे थेंब सोडीत, रंग फिकट झाल्यावर स्टार्च घालून, आलेला निळा रंग ज्या थेंबाला मावळतो त्या थेंबाशी हात थांबवायचा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रतवारीनुसार स्नानास योग्य पाण्यात लिटरमागे किमान ५ मिलिग्रॅम विरघळलेला प्राणवायू हवा, आणि जैविक प्राणवायूची मागणी, म्हणजे पाण्यातली घाण कुजविताना जीवाणूंना लागणारा प्राणवायू, ३ मिलिग्रॅमहून अधिक नको. ही मागणी मोजण्यासाठी नमुना २७ अंश सेल्सिअसला तीन दिवस ठेवावा लागतो. एका थेंबाची घाई झाली की आकडा खोटा ठरतो, आणि खोट्या आकड्यावर उभा राहिलेला निर्णय हजारो घरांच्या घागरीत उतरतो.

या शिस्तीला कायद्याचाही आधार आहे. महाराष्ट्राने १९६९ मध्येच जलप्रदूषणाविरुद्ध स्वतःचा अधिनियम केला, नंतर १९७४ चा केंद्रीय अधिनियम आला; कारखान्याच्या सांडपाण्याचा नमुना घेताना नोटीस, शिक्का आणि सह्या यांची ठरलेली रीत पाळली नाही, तर त्या नमुन्याचा निष्कर्ष न्यायालयात पुरावा म्हणून ग्राह्य धरला जात नाही. म्हणून मी म्हणतो की हा माणूस नदीचे दप्तर सांभाळणारा आहे, आणि दप्तरात खाडाखोड चालत नाही.

आता पालकांचा रोख प्रश्न: नोकरी कोठे? महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे उपप्रादेशिक कार्यालय परभणीतच आहे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा, महाराष्ट्र जीवन प्राधिकरण, जलसंपदा विभाग आणि केंद्रीय जल आयोग यांनाही ही माणसे लागतात. ढालेगावला आणि गंगाखेडच्या रेल्वे पुलापाशी आयोगाची निरीक्षणे चालतात. कारखान्यांची सांडपाणी शुद्धीकरण केंद्रे आणि खासगी प्रयोगशाळा निराळ्याच. मात्र एक गोष्ट झाकून ठेवणे मला पटत नाही: सरकारी जागा थोड्या असतात, जाहिरातीची वाट वर्षानुवर्षे पाहावी लागते, आणि आरंभीचा मेहनताना शेजाऱ्याच्या संगणकवाल्या मुलाहून कमी असू शकतो. यास्तव केवळ एका परीक्षेवर आयुष्य टांगू नये. रसायनशास्त्र अथवा सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन पदवी करावी, किंवा स्थापत्य अथवा वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातील कृषी अभियांत्रिकीची वाट धरावी, म्हणजे पाण्याचे दार बंद झाले तरी दुसरी दारे उघडी राहतात. पुढे शिकू इच्छिणाऱ्यांस नागपूरची 'नीरी' ही पर्यावरण संशोधन संस्था महाराष्ट्रातच आहे, आणि २०२१ पासून पदव्युत्तर प्रवेशाच्या 'गेट' परीक्षेत पर्यावरणाचा स्वतंत्र विषयही आला आहे.

मुलींच्या पालकांना मी विशेष सांगेन. जलजीवन मिशनमध्ये गावोगावच्या स्त्रियांना पाणी तपासण्याच्या पेट्या देऊन शिकविण्याची योजना आहे. हे काम मुलीला झेपेल का, ही शंका त्या पेट्या हाताळणाऱ्या शेतकरी बायकांकडे पाहून तरी मिटावी.

प्रवेशाचा अर्ज भरण्याआधी मुलाला एकदा परवानगी काढून पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत न्यावे, आणि काही न बोलता त्याला ब्युरेटपाशी तासभर उभे राहू द्यावे. निळा रंग मावळल्यावर त्याने घड्याळाकडे पाहिले तर दुसरा मार्ग शोधावा. पुढची बाटली कोठल्या घाटावरची, असे त्याने विचारले, तर अर्जावर सही करावी.