बातमी कळणे आणि जाणीव होणे
(वाचन : नहेम्या १:१-११, २:१-५)

यंत्राच्या साहाय्याने माणसाची जाणीव वाढेल काय, असे आता शब्बाथशाळेतील मोठी मुलेही विचारतात. जानेवारी २०२४ मध्ये न्यूरालिंक या अमेरिकन कंपनीने मानेखालचे शरीर लुळे पडलेल्या एका तरुणाच्या मेंदूत यंत्र बसवले, आणि संगणकाच्या पडद्यावरील बाण तो नुसत्या मनाने हलवू लागला. त्याच्यासाठी हे वरदानच होय. वर्गात त्याविषयी नाके मुरडू नयेत. परंतु अशा साधनांनी सर्वांचीच जाणीव विस्तारेल, हे म्हणणे तपासून पाहिले पाहिजे. त्यासाठी आम्ही सुरत जिल्ह्यातील बारडोलीचे उदाहरण घेतो.

१ फेब्रुवारी १९२२ रोजी गांधीजींनी व्हाइसरॉय लॉर्ड रेडिंग यांना पत्राने सात दिवसांची मुदत दिली. त्यानंतर बारडोली तालुक्यात सामुदायिक कायदेभंग सुरू व्हावयाचा होता. तालुका तयार होता. इतक्यात ४ फेब्रुवारीस, हजाराहून अधिक किलोमीटर दूर, गोरखपूर जिल्ह्यातील चौरी चौरा येथे पोलिसांच्या गोळीबारानंतर खवळलेल्या जमावाने ठाणे पेटवले. वीसहून अधिक पोलीस मेले. तार व वर्तमानपत्रे यांमुळे ही बातमी काही दिवसांतच बारडोलीस पोचली. यंत्राचा हा उपकार लहान नव्हे.

पण तीच बातमी सबंध देशाने वाचली होती. बारडोलीच्या लोकांनी काय केले होते? काहीच नाही. तरी गांधीजींनी तो दोष आपल्या पदरात घेतला. ११ व १२ फेब्रुवारीस बारडोलीतच काँग्रेस कार्यकारिणी भरली व कायदेभंग तहकूब झाला. पुढे गांधीजींनी पाच दिवस उपास केला. तुरुंगातील मोतीलाल नेहरू व लाला लजपतराय यांना हे मुळीच रुचले नाही. एका दूरच्या गावासाठी सगळा देश का थांबवावा, ही तक्रार पोकळ नव्हती. शिक्षकांनी ती वर्गात मोकळेपणाने मांडू द्यावी.

आता नहेम्याकडे पाहू. त्याच्याकडे बातमी आली ती हनानीच्या पायांनी. ती ऐकून तो खाली बसला, रडला, उपास करू लागला. आणि यरुशलेमपासून इतक्या दूर शूशन येथे असूनही प्रार्थनेत त्याने स्वतःला व आपल्या घराण्याला दोषींत मोजले. किसलेव महिन्यात बातमी आली, राजापुढे शब्द काढला तो नीसानात. मध्ये सुमारे चार महिने गेले. आमच्या मते या पाठाचे मर्म त्या चार महिन्यांत आहे. आपल्या हातातील फोन चार मिनिटेही देत नाही. पहिली बातमी मनात उतरण्याआधी दुसरी येऊन बसते.

उपासानेही डोळे आपोआप उघडतात असे नाही. बारडोलीच्याच शेतांवर दुबळा जमातीचे हाळी कर्जापोटी पिढ्यान्‌पिढ्या मालकाशी बांधलेले होते. त्यांची हकीकत कळण्यास तारेची गरज नव्हती. ते अंगणातच उभे होते. १९२८ मध्ये वल्लभभाई पटेलांच्या नेतृत्वाखाली साराबंदीचा लढा जिंकल्यावरही त्यांची बांधिलकी सुटली नाही. येथे यशया ५८ अवश्य वाचावा. उपास करून मजुरांना राबवून घेणाऱ्यांविषयी तो अध्याय फार स्पष्ट बोलतो.

वर्गासाठी : प्रत्येकाने या आठवड्यात फोनवर आलेली एकच बातमी निवडावी, ती वहीत लिहावी व रोज दहा मिनिटे फोन बाजूला ठेवून तिच्यासह शांत बसावे. पुढील रविवारी एवढेच विचारावे : या बातमीत तुमचा स्वतःचा वाटा कोठे दिसला?