डोळ्यांपुढचे दुसरे जग

वर्धा नदीच्या काठी वसलेले बल्लारपूर हे चंद्रपूर जिल्ह्यातील एक जुने नगर आहे. ही गोंड राजांची एके काळची राजधानी. त्यांचा किल्ला आजही नदीकाठी उभा आहे. तथापि, अलीकडच्या काळात बल्लारपूरचे नाव झाले ते दोन गोष्टींमुळे. एक म्हणजे जंगलातील बांबूवर उभी राहिलेली कागद गिरणी आणि दुसरी म्हणजे भूमीच्या पोटात दडलेला कोळसा. या भागातील कितीतरी घरांचा दिवस सूर्याबरोबर नव्हे, तर खाणीतील पाळीबरोबर उगवतो आणि मावळतो.

अशाच एका घराची कल्पना करा. त्या घरातील बारा वर्षांच्या मुलाचे वडील जमिनीखालच्या खाणीत काम करतात. ते पहाटेच्या पाळीला निघतात, तेव्हा मुलगा झोपेत असतो. दुपारी परततात, तेव्हा तोंड कितीही धुतले तरी त्यांच्या पापण्यांच्या कडांना कोळशाची बारीक रेघ राहिलेलीच असते. मुलगा विचारतो, "बाबा, खाली असते तरी काय? मला एकदा घेऊन चला ना!" वडील हसून म्हणतात, "अंधार असतो, बाळा." यापुढे ते काही बोलत नाहीत. मुलाला बरोबर नेणेही त्यांच्या हाती नाही. कारण मुलांना खाणीत येण्यास मनाई आहे. ही मनाई मुलांच्या हिताचीच आहे. तरीही ज्या जागी वडिलांच्या आयुष्यातील इतकी वर्षे जातात, ती जागा आपण कधीच पाहू नये काय, ही रुखरुख मुलाच्या मनातून जात नाही.

आता समजा, त्या मुलाच्या शाळेत कोणी एक जाडजूड काळा चष्मा आणला. तो डोळ्यांवर चढवताच वर्ग, फळा, सोबती सारे नाहीसे झाले आणि मुलगा थेट एका काळोख्या बोगद्यात जाऊन उभा राहिला. मान वर केली, तर डोक्यावर कोळशाचे छत. मागे वळून पाहिले, तर दूरवर लुकलुकणारे टोपीवरचे दिवे. मुलगा वर्गातील बाकावरच बसलेला आहे. परंतु त्याच्या डोळ्यांची खात्री पटली आहे, की आपण भूमीच्या पोटात आहोत. या चष्म्याला 'हेडसेट' म्हणतात आणि तो जे जग दाखवतो, त्याला 'आभासी वास्तव' असे नाव आहे.

हा चमत्कार घडतो कसा? त्यासाठी एक छोटा प्रयोग करा. एक बोट नाकासमोर वीतभर अंतरावर उभे धरा. प्रथम उजवा डोळा मिटून त्याच्याकडे पाहा, मग डावा डोळा मिटून पाहा. बोट मागच्या भिंतीवर इकडून तिकडे सरकल्यासारखे वाटेल. आपल्या दोन डोळ्यांत सुमारे सहा सेंटिमीटर अंतर असते. त्यामुळे प्रत्येक डोळ्याला थोडे निराळे चित्र दिसते. ही दोन चित्रे मेंदू एकत्र जुळवतो आणि त्यांतील फरकावरून कोणती वस्तू जवळ व कोणती दूर, हे ओळखतो.

हे रहस्य इंग्लंडमधील शास्त्रज्ञ चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ मध्ये जगापुढे मांडले. त्यांनी एकाच वस्तूची किंचित निराळी अशी दोन चित्रे काढली आणि आरशांच्या साहाय्याने एकेक चित्र एकेका डोळ्याला दाखवले. सपाट कागदावरील रेघा पाहणाऱ्याला भरीव दिसू लागल्या. जे समोर नाही ते समोर उभे करावे, ही हौस आपल्याकडेही जुनीच आहे. १८९० च्या दशकात कल्याणच्या पटवर्धन कुटुंबाने हाताने रंगवलेल्या काचांवर दिव्याचा प्रकाश टाकून 'शांबरिक खरोलिका' नावाचे खेळ केले. रामायण-महाभारतातील प्रसंग पडद्यावर पाहून प्रेक्षक थक्क होत असत.

परंतु पडद्यावरील चित्र कितीही सुंदर असले, तरी मान वळवली की ते संपते. आभासी वास्तवाचे खरे वैशिष्ट्य असे, की मान वळेल तसे चित्रही वळते. अमेरिकेतील संगणकशास्त्रज्ञ आयव्हन सदरलँड यांनी १९६८ मध्ये असे यंत्र तयार करून दाखवले. त्यात केवळ रेघांनी काढलेल्या साध्या आकृती दिसत. यंत्र इतके जड होते, की ते छताला टांगावे लागे. त्या छतापासून सामान्य माणसाच्या घरापर्यंत पोहोचण्यास या कल्पनेला जवळजवळ अर्धे शतक लागले.

या वाटेवर अपयशही आले. १९९५ मध्ये जपानच्या निन्टेंडो कंपनीने 'व्हर्च्युअल बॉय' नावाचे खेळण्याचे यंत्र विक्रीस काढले. त्यातील सारे जग केवळ लाल आणि काळ्या रंगाचे होते. ते डोक्यावर न घालता टेबलावर ठेवून वाकून पाहावे लागे आणि खेळणाऱ्यांचे डोके दुखे. वर्षभराच्या आतच कंपनीने ते बंद केले. पुढे भ्रमणध्वनी घरोघर गेले. त्यांच्यासाठी बनवलेले छोटे, स्पष्ट पडदे आणि हालचाल ओळखणारी सूक्ष्म यंत्रे स्वस्त झाली. याच वस्तूंचा उपयोग करून पामर लकी या अमेरिकन तरुणाने 'ऑक्युलस रिफ्ट' नावाचा हेडसेट तयार केला. २०१२ मध्ये त्याने लोकांकडे अडीच लाख डॉलरची मदत मागितली. लोकांनी चोवीस लाखांहून अधिक डॉलर दिले. त्या वेळी तो अवघा एकोणीस वर्षांचा होता.

२०१४ मध्ये गूगल कंपनीने तर पुठ्ठ्याचा चष्मा काढला. पुठ्ठ्याची घडी घालायची, त्यात दोन भिंगे बसवायची आणि समोर भ्रमणध्वनी ठेवायचा, एवढीच त्याची रचना होती. बल्लारपूरसारख्या कागदाच्या गावाला कौतुक वाटावे, अशीच ही गोष्ट होय. बांबूच्या लगद्यापासून पाने होतात, पानांची पुस्तके होतात आणि पुस्तके आपल्याला दूरदेशी नेतात, हे या गावाला ठाऊकच होते. आता पुठ्ठ्याची एक साधी पेटीही तेच काम करू लागली. २०२१ मध्ये गूगलने या चष्म्याची विक्री थांबवली; पण तशा धर्तीची साधने निघतच राहिली. क्रिकेटचे सामने मैदानात बसल्याप्रमाणे चहूबाजूंनी पाहता यावेत, म्हणून मुंबईच्या जिओ कंपनीने २०२३ मध्ये १,२९९ रुपयांचा 'जिओडाइव्ह' हा चष्मा विक्रीस आणला. त्यातही भ्रमणध्वनीच बसवावा लागे.

या साधनाने मोठ्या आशा निर्माण केल्या आणि त्या पोकळ नव्हत्या. खऱ्या जगात चूक केली, तर प्राण जातो. आभासी जगात चूक केली, तर पुन्हा प्रयत्न करता येतो. म्हणूनच अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया या देशांत खाणकामगारांना आभासी खाणीत नेऊन शिकवण्याचे प्रयोग झाले. धूर भरला असता बाहेर पडण्याची वाट कशी शोधावी, हे त्यांना कोणताही धोका न पत्करता शिकता येते. शस्त्रक्रिया शिकणाऱ्या डॉक्टरांनाही या साधनाचा असाच उपयोग होतो. अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी भाजलेल्या रुग्णांसाठी बर्फाचे एक आभासी जग तयार केले. जखमेची मलमपट्टी चालू असताना रुग्ण त्या हिमप्रदेशात बर्फाचे गोळे फेकत असे. त्याचे मन तेथे गुंतल्यामुळे त्याला वेदना कमी जाणवत. उन्हाळ्यात पंचेचाळीस अंशांच्या वर तापणाऱ्या चंद्रपूरच्या लोकांना त्या बर्फाचे मोल सांगायला नको!

परंतु नाण्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. २०१६ मध्ये चांगल्या प्रतीचे हेडसेट बाजारात आले, तेव्हा ऑक्युलस रिफ्टची किंमत ५९९ डॉलर होती. त्या वेळच्या हिशेबाने हे सुमारे ४०,००० रुपये होतात. शिवाय त्याला जोडण्यासाठी त्याहून महाग संगणक लागे. सुमारे अर्धा किलो वजन तोंडावर बांधून, तारेने संगणकाला जखडून घेऊन माणूस त्या मुक्त जगात फिरत असे. आधीच्या हेडसेटमध्ये तर भिंगांमुळे पडद्यावरील चित्रबिंदू मोठे दिसत आणि सारे दृश्य खिडकीच्या जाळीतून पाहिल्यासारखे भासे.

याहून मोठी अडचण शरीराची होती. धावत्या बसमध्ये पुस्तक वाचताना अनेकांना गाडी लागते. त्या वेळी डोळे सांगत असतात, की पान स्थिर आहे. आणि कानाच्या आतील तोल सांभाळणारे इंद्रिय सांगत असते, की आपण हलत आहोत. आभासी जगात याच्या नेमके उलट घडते. डोळे म्हणतात, 'आपण धावत आहोत'. कान म्हणतो, 'छे, आपण तर बसलेलो आहोत.' या भांडणात पोट ढवळून निघते. मान वळवल्यावर चित्र वळण्यास एका सेकंदाच्या पन्नासाव्या भागाहून अधिक उशीर झाला, तरी घेरी येऊ शकते. डोळ्यांनाही ताण पडतो. समोरची वस्तू जवळ आहे असे समजून दोन्ही डोळे आत वळतात. पण तिचे चित्र मात्र भिंगांमुळे नेहमी एकाच ठरावीक अंतरावर असते. म्हणूनच ऑक्युलसच्या निर्मात्यांनी आरंभी, तेरा वर्षांखालील मुलांनी हे साधन वापरू नये, असे सांगितले होते. २०२३ पासून पालकांच्या देखरेखीखाली दहा वर्षांवरील मुलांना मुभा मिळाली. तरी थोडाच वेळ वापर, मध्ये विश्रांती आणि जवळ एखादे मोठे माणूस हा नियम शहाणपणाचाच आहे. चष्मा लावलेल्या माणसाला समोरची भिंत दिसत नाही, पायातले स्टूल दिसत नाही आणि शेजारी बसलेला मित्रही दिसत नाही.

आणखी एक उणीव आहे. ती किमतीने किंवा नव्या यंत्राने सहज भरून निघणारी नाही. बल्लारपूरपासून थोड्या अंतरावर ताडोबाचे अरण्य आहे. आभासी ताडोबात चष्मा लावताच वाघ समोर येतो. खऱ्या ताडोबात तासन्‌तास बसावे लागते. मोहाच्या फुलांचा वास येत असतो, अंगावर धूळ बसत असते. अचानक झाडावरून वानर ओरडते आणि सर्वांचे श्वास थांबतात. वाघ दिसतो किंवा दिसतही नाही. परंतु ज्याने वाट पाहिली, त्याला जंगल भेटते. ज्याने केवळ चष्मा लावला, त्याला फक्त वाघाचे चित्र मिळते.

आता पुन्हा त्या मुलाकडे वळू. चष्मा उतरवून तो घरी आला. त्याचे डोके किंचित जड झाले होते. पण मन त्याहून अधिक जड झाले होते. खाणीचा अंधार त्याने पाहिला होता. परंतु तेथील उकाडा त्याला जाणवला नव्हता, कोळशाची चव जिभेवर आली नव्हती आणि वर छताला तडा गेल्याचा आवाज ऐकून काळीज कसे हलते, हे त्याला कळले नव्हते. ते सारे एकाच माणसाला ठाऊक होते. संध्याकाळी वडील अंगणात बाजेवर बसले असता मुलगा त्यांच्याजवळ गेला. "खाली काय असते?" असे त्याने या वेळी विचारले नाही. त्याने विचारले, "बाबा, टोपीवरचा दिवा विझला, तर तुम्ही वाट कशी शोधता?"

वडिलांनी त्याच्याकडे क्षणभर निरखून पाहिले. मग त्यांनी त्याला बाजेवर आपल्या शेजारी बसवून घेतले आणि ते सांगू लागले. त्या रात्री जेवण बऱ्याच उशिरा झाले.

यंत्राने मुलाला उत्तर दिले नाही. त्याने त्याला नेमका प्रश्न दिला. कोणत्याही नव्या साधनाची परीक्षा अशीच घ्यावी. ते डोळ्यांवर असताना काय दाखवते, एवढेच पाहू नये. ते उतरवून ठेवल्यावर आपण भोवतालच्या जगाकडे आणि आपल्या माणसांकडे अधिक जिज्ञासेने वळतो की त्यांच्यापासून दूर जातो, हेही पाहावे. जे साधन आपल्याला वळवून परत आणते, ते वापरण्याजोगे समजावे.

स्वाध्याय

१. वडील मुलाला खाणीत का नेऊ शकत नव्हते?
२. दोन डोळ्यांमुळे अंतर कसे कळते, ते बोटाच्या प्रयोगाच्या आधारे सांगा.
३. धावत्या बसमध्ये गाडी लागणे आणि आभासी जगात घेरी येणे यांत कोणते साम्य व कोणता फरक आहे?
४. मुलाचा पहिला प्रश्न आणि शेवटचा प्रश्न यांची तुलना करा. दुसऱ्या प्रश्नाला वडिलांनी उत्तर का दिले असावे?
५. 'नाण्याची दुसरी बाजू', 'श्वास थांबणे', 'काळीज हलणे' यांचा वाक्यांत उपयोग करा.
६. तुमच्या घरातील मोठी माणसे जे काम करतात, त्याविषयी त्यांना विचारण्यासाठी पाच नेमके प्रश्न तयार करा आणि मिळालेली उत्तरे वहीत लिहा.