माझं काढून टाका

शाळेतून निवृत्त झाल्यापासून, महाराष्ट्राच्या सीमेलगत तेलंगणातल्या वांकिडीत बसून मी दोन उद्योग करतो. आमच्या कापूसवाल्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप सांभाळतो आणि मराठी विकिपीडियावर व ओपनस्ट्रीटमॅपवर या सीमाभागातली गावं भरतो. दोन्हीकडे एक मागणी हटकून येते: ‘मास्तर, माझं काढून टाका.’ त्यातून ठरत गेलेल्या या गोष्टी.

1. भाव पुसायला मुदत हवी, आणि ती थोडकी. 2024-25 मध्ये लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 7,521 रुपये होता. वेचणीच्या दिवसांत राजुऱ्याकडचा व्यापारी त्याच्या वर देतो की खाली, एवढंच सगळे बघत असतात. सकाळी कुणी चढा भाव टाकतो, तो वाचून दोघं-तिघं मिळून गाडी ठरवतात, आणि संध्याकाळी मेसेज गायब. भाडं गेलंच, वर भांडायला पुरावाही नाही. व्हॉट्सॲपने 2017 मध्ये सर्वांसाठी डिलीट करायची सोय आणली तेव्हा मुदत सात मिनिटांची होती. 2022 पासून ती अडीच दिवसांच्या आसपास आहे. बोट चुकलं तर सात मिनिटं पुष्कळ झाली. अडीच दिवसांत कापूस विकून पैसे खर्चूनही होतात. त्यामुळे आमच्याकडे चुकलेला भाव पुसायचा नाही, त्याच्याखाली ‘चुकलं’ असं लिहायचं.

2. उत्तर आलं की प्रश्न विचारणाऱ्याच्या एकट्याचा राहत नाही. गुलाबी बोंडअळीवर दोन औषधं एकत्र मारू का, असं एकजण विचारतो. जाणते लोक कारणासकट नको म्हणतात. विचारणारा शरमून प्रश्न पुसतो आणि खाली उरतं: ‘असं मुळीच करू नका भाऊ.’ काय करू नका? पुढच्या हंगामात शोधणाऱ्याला ते कोण सांगणार? इंग्रजी विकिपीडियावर याबद्दल एक शहाणा नियम आहे. पान तयार करणाऱ्याने मागितलं तर ते वगळता येतं, पण त्यात दुसऱ्या कुणाची मोलाची भर पडलेली नसेल तरच. यापेक्षा सरळ कसोटी मला सापडलेली नाही.

3. जुनं झालं म्हणून पुसू नये. 1956 पर्यंत आम्ही हैदराबाद राज्यात होतो आणि राजुरा तालुका आमच्याच आदिलाबाद जिल्ह्यात होता. त्या वर्षी तो नांदेडला जोडला, 1959 मध्ये चांद्याला. आम्ही आंध्र प्रदेशात गेलो, 2 जून 2014 ला तेलंगणात, आणि 11 ऑक्टोबर 2016 ला वांकिडी आदिलाबादमधून निघून आसिफाबाद जिल्ह्यात आली. गाव आहे तिथेच आहे. आता ‘आदिलाबाद’ लिहिलेल्या आपल्या जुन्या नोंदी एकाला खटकतात. मी त्याला त्याच्याच शेताची जुनी पहाणी, म्हणजे जमिनीचा उतारा, काढायला सांगितलं. तिच्यावरचा जिल्हा कोणता?

4. रागावून जाणाऱ्याचं ऐकून घ्यावं, पण काम ठेवून घ्यावं. मे 2024 मध्ये स्टॅक ओव्हरफ्लो या प्रश्नोत्तरांच्या साइटने ओपनएआयशी करार केला, तेव्हा काही प्रोग्रॅमरांनी चिडून आपली उत्तरं पुसली. ती परत लावली गेली आणि काहींची खाती तात्पुरती बंद झाली. फुकट दिलेल्याचा दुसऱ्याने व्यापार करावा, हा राग मला पटतो. तरी पुसल्याचा भुर्दंड कंपनीला बसत नाही, रात्री अडलेल्या पोराला बसतो. याउलट ओपनस्ट्रीटमॅपने 2012 मध्ये परवाना बदलला आणि ज्यांनी होकार दिला नाही त्यांची भर खरोखरच काढली. ऑस्ट्रेलिया, पोलंडच्या नकाशात रस्ते तुटले. शब्द पाळला, एवढं मात्र खरं. विकिपीडियावर तर जतन करतानाच न परतणारा परवाना आपण देऊन बसतो, वाचतो कोण!

5. माणसाबद्दलचं मात्र मागताक्षणी काढावं. चेहरा, फोन नंबर, कर्जाचा आकडा. एका वाईट वर्षी एकाने रात्री सावकाराचं देणं ग्रुपवर मांडलं. त्याच ग्रुपमध्ये मुलीच्या होऊ घातलेल्या सासरचे बसलेले. तिथे मी कुठलाच नियम पाहिला नाही. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात मिटवून घेण्याचा हक्क आहे, पण आपणच जाहीर केलेली माहिती त्या कायद्यातून वगळलेली आहे. म्हणजे ज्याने स्वतःच्या हाताने चारचौघांत लिहिलं, त्याला कायदा वाचवेलच असं नाही. ते काम ग्रुपवाल्यांनाच करावं लागतं.

6. दुसऱ्याचं काढणाऱ्याने हिशेब ठेवावा. एकनाथांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली, मागाहून घुसलेले पाठ बाजूला सारले. उपकारच झाले. तरी ते कुणी घातले असतील, याची उत्सुकता माझ्यातल्या मास्तरला आहेच.

7. सध्याचा तंटा असा. एक काका रुसून ग्रुप सोडून गेले. पाऊस कधी आला, पेरणी कधी झाली, याच्या त्यांनी वर्षानुवर्षं टाकलेल्या नोंदी मी आधीच एका वहीत उतरवून घेतल्या होत्या. त्यांना त्या फाडून हव्यात. मी त्यांचं नाव खोडलं, तारखा ठेवल्या. ते म्हणतात, तारखाही माझ्याच. मी म्हणतो, पाऊस सगळ्यांचा होता. फोन अजून चालूच आहेत.