सुगीचा भाव

धर्माबादेच्या परिसरातील शेतकरी बंधूंनी ध्यानात घ्यावे की, 2021 सालच्या श्रावणात लातूरच्या बाजारात सोयाबीन क्विंटलमागे 10,000 रुपयांच्या घरात गेले आणि सुगी येताच जवळजवळ निम्म्यावर उतरले. 2024 साली हमीभाव 4,892 रुपये असताही पुष्कळांचा माल त्याहून कमी दराने गेला. असे का व्हावे? सर्वांचा ओला माल एकदम बाजारात येतो, आणि देणेकऱ्यास थांबण्याची सोय नसते. म्हणून आम्ही सुचवितो की, तेजी पाहून कर्ज काढू नये. निकडीपुरताच माल प्रथम विकावा. उरलेला वाळवून, जेथे बाजार समिती शेतमाल तारण योजना चालविते तेथे ठेवावा. सोयाबीनवर किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत, 6 टक्के व्याजाने, 180 दिवसांच्या मुदतीचे कर्ज मिळते. पुढे भाव चढेलच असे नाही. परंतु विकण्याचा दिवस तरी आपल्या हाती राहतो.